साठ हजार शब्दांत जगाचा इतिहास लिहायचाय? मग आधी काय गाळायचं ते ठरवा

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे पुढचं कुठून आलंय ते कळेल. दोनशे पानांत जगाचा इतिहास लिहायचा होता, मराठीत, आणि तोही दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक हातात न घेतलेल्या माणसासाठी. मी काय केलं, तर सुरुवातीपासून सुरुवात केली. गुहा, दगडाची हत्यारं, आग, चाक वगैरे. ऑफिसातून आल्यावर रोज रात्री दोन तास. आठ महिन्यांनी फाईल उघडून वर्ड काउंट बघितला तर नव्वद हजार, आणि ज्युलियस सीझरला नुकतं कुठे भोसकलं होतं. अजून दोन हजार वर्षं बाकी! ती फाईल अजून लॅपटॉपवर आहे, डिलीट करवत नाही, उघडवतही नाही.

तर लिहायला बसायच्या आधी कागदावर एक हिशोब करा. दोनशे पानं, पानाला तीनशे शब्द, झाले साठ हजार. लिखाणाचा शोध लागल्यापासून धरलं तरी पाच हजार वर्षं होतात. भागाकार करा, वर्षाला बारा शब्द येतात. पहिलं महायुद्ध चार वर्षं चाललं, म्हणजे त्याला पन्नासेक शब्द मिळणार, एवढ्यात तर नुसती देशांची यादीही होत नाही. म्हणजे समान वाटप हा प्रकार शक्यच नाही, कुणाला तरी जास्त मिळणार, कुणाला तरी शून्य, आणि ते तुम्हीच ठरवणार. नवीन लिहिणारा इथेच घाबरतो, कारण त्याला वाटतं संक्षिप्त म्हणजे बासुंदी, मोठा इतिहास घ्यायचा आणि आटवत बसायचं, सगळं दूध त्यातच राहणार, फक्त घट्ट होणार. तसं नाहीये ते. इथे अर्ध्याच्या वर दूध ओतून द्यावं लागतं आणि ओतताना हात थरथरतो, पण दुसरा उपाय नाही.

ओतायचं काय हे कसं ठरवायचं? त्यासाठी एक प्रश्न लागतो. विषय नाही हं, प्रश्न. 'मानवी संस्कृतीचा विकास' हा प्रश्न नाही, ते शाळेतल्या फलकावरचं वाक्य आहे. माझा प्रश्न शेवटी असा ठरला: लांबलांबची माणसं एकमेकांना सापडली कशी आणि त्या भेटीची किंमत कुणी भरली? तुमचा वेगळा असेल. माणसाने पोट कसं भरलं, हा घ्या, किंवा हुकूम कोण देतं आणि बाकीचे तो का ऐकतात, हा घ्या, साथीच्या रोगांवरूनही अख्खा इतिहास सांगता येईल. कुठलाही चालेल, पण एकच. तो मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा आणि प्रत्येक प्रकरणाला विचारा, बाबा रे, तू याचं उत्तर देतोस का? नसेल देत तर बाहेर.

माझ्या प्रश्नाने इंग्लंडची गुलाबांची युद्धं, म्हणजे गादीसाठी दोन घराण्यांची मारामारी, एका फटक्यात बाहेर गेली, फ्रान्सचे सगळे लुई राजे एका वाक्यात बसले, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट मलिक अंबर आत आला. विचार करा, १५४८च्या आसपास इथिओपियात जन्मलेला मुलगा, लहानपणी विकला जातो, हातोहात बगदादला पोचतो, तिथून समुद्रापार दख्खनला, अहमदनगरच्या निजामशाहीत, आणि पुढे तोच निजामशाहीचा कारभार चालवतो, मुघलांना आयुष्यभर झुंजवतो, १६१०मध्ये खडकीला शहर वसवतो, तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीराला तो कधी सापडला नाही, तर त्याने काय करावं, अंबरचं कापलेलं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि आपण त्यावर बाण सोडतोय असं चित्रच काढून घेतलं! हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार या एका माणसात दिसतो. दहा पानांच्या 'गुलामगिरीचे स्वरूप व परिणाम'पेक्षा हे दीड पान वाचकाच्या लक्षात राहतं, ही माझी खात्रीच आहे.

पहिलं प्रकरण. विश्वाच्या महास्फोटापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. नका करू. लिखाणाआधीचं सगळं एका प्रकरणात बसवा, शेती आणि जनावरं माणसाळवणं एवढं नीट सांगितलं तरी पुरे. मी आता उरुकपासून सुरू करते. आजच्या इराकमधलं हे शहर, साधारण इ.स.पू. ३३००चा सुमार. तिथे ज्या सगळ्यात जुन्या मातीच्या पाट्या सापडल्या त्यांत कुणा राजाची गाथा नाही की देवाचं स्तोत्र नाही, बार्ली किती आली, बिअर किती गेली, मेंढ्या किती, कुणाला किती शिधा दिला, याचे हिशोब आहेत. 'खाणे' किंवा 'शिधा' यासाठीची खूण म्हणजे माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडापाशी वाडगा. बास, एवढं दाखवलं की वाचकाला कळतं की बाबा अक्षर जन्माला आलं ते खतावणीसाठी, कविता नंतर सुचली. आणि खतावणी म्हटलं की कोठार आलं, कोठार म्हटलं की कोठारावरचा माणूस आला, मग 'राज्यसंस्थेचा उदय' असलं काही लिहावंच लागत नाही.

आता मांडणी. एक प्रकरण चीन, एक भारत, एक ग्रीस, एक रोम असं केलंत तर ते प्रवासी कंपनीचं ब्रोशर होतं, आणि आफ्रिका बिचारी 'इतर' मध्ये जाते. मला उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे अधूनमधून एक वर्ष धरायचं आणि त्या वर्षी जगभर एक चक्कर मारायची. १६०० घ्या. फेब्रुवारीत रोममध्ये तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांकडे गेला, चांदबिबी त्याच धामधुमीत मारली गेली, आपल्याच माणसांच्या हातून. ऑक्टोबरमध्ये जपानात सेकिगाहाराची लढाई झाली आणि पुढची अडीचशे वर्षं तोकुगावा घराणं बसलं. आणि वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, लंडनमध्ये राणी एलिझाबेथने काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करायची सनद दिली, ती ईस्ट इंडिया कंपनी. त्या दिवशी कुणाला विचारलं असतं की यातली सगळ्यात मोठी बातमी कुठली, तर कंपनीचं नाव कुणीच घेतलं नसतं. फक्त एक जपा, या चार घटनांचा एकमेकींशी संबंध होता असं भासवू नका. नव्हता. संबंध दाखवायचाच असेल तर चांदीचा दाखवा, दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या डोंगरातून निघालेली चांदी युरोपातून फिरत फिरत इकडे येत होती आणि मुघलांच्या टांकसाळीत तिचे रुपये पडत होते, हा खराखुरा धागा आहे.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते, म्हणजे 'म्हणून'. छोट्या पुस्तकात कारणं छोटी होतात आणि छोटी कारणं बहुतेक वेळा चुकीची असतात. आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य घ्या: १४५३मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले. किती छान बसतं ना? तीन तुकडे, एक 'म्हणून', दोन मार्क. मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच लिहिलं होतं, मग तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि पोटात गोळा आला. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतलं सेउता घेतलं १४१५मध्ये. बोजादोर भूशिर ओलांडून ते खाली सरकले १४३४मध्ये. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या वीस वर्षं आधीच ही मंडळी आफ्रिकेच्या कडेकडेने निघालेली, सोन्याच्या आणि गुलामांच्या मागे. बरं मिरी बंद झाली म्हणावं तर तेही नाही, मिरीचा मोठा ओघ लाल समुद्रातून इजिप्तला आणि अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला जायचा, आणि इजिप्त तेव्हा ऑटोमन तुर्कांकडे नव्हतंच, मामलुक सुलतानांकडे होतं, तुर्कांनी ते घेतलं १५१७मध्ये, तोवर वास्को द गामा येऊन जाऊन मरूनही गेला होता... नाही थांबा, मेला तो १५२४मध्ये, कोचीनला. बघा, असंच होतं, हातात जोर आला की वाक्य पुढे पळतं आणि तारीख मागे राहते. म्हणून ओघात लिहिलेलं प्रत्येक जोरदार वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायचं.

मग १४५३चं काय करायचं? घटना मोठी आहे, ठेवा. तिने दडपण वाढलं असं म्हणा, व्हेनिसच्या मक्तेदारीवर इतरांचा डोळा होता हे सांगा, पोर्तुगालच्या दारात अटलांटिक होता आणि जहाजं होती हेही सांगा. एक 'म्हणून' काढून तीन साधी वाक्यं लिहा. जागा जास्त जाते हे खरं, पण मग ती गुलाबांची युद्धं कशासाठी काढली होती?

तसाच दुसरा शब्द 'शोध'. मराठीत शोध लावणं आणि शोध लागणं यात फरक आहे आणि तो आपण इतिहास लिहिताना विसरतो. कोलंबसाने १४९२मध्ये अमेरिकेचा शोध 'लावला' असं लिहिलं की तिथे राहणारी माणसं वाक्यातून गायब होतात. आणि वास्को द गामाने भारताचा शोध लावला हे तर आपणच लिहितो, आपणच हरवलो होतो जणू! 'पोचला' लिहा. २० मे १४९८ला कालिकतजवळ पोचला, आणि तेही मालिंदीहून वाटाड्या मिळाला म्हणून. त्याच कालिकतला त्याच्या नव्वद वर्षं आधी चीनचा जहाजांचा अवाढव्य काफिला येऊन गेला होता, त्याचा सरदार झेंग हे. आता गंमत सांगते. मी लिहिलं होतं, 'दर्यावर्दी झेंग हे कालिकतला आले'. माझी आत्या, बँकेतून रिटायर झालेली, माझी पहिली वाचक, तिने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "अगं, झेंग हे आले म्हणजे? झेंग कोण आणि हे कोण?" बरोबर आहे की, मराठीत 'हे' म्हणजे हे! शेवटी 'झेंग-ह' असं लिहून विषय मिटवला, चिनी उच्चाराला ते जवळचंही आहे.

या आत्याबद्दल सांगायलाच हवं, कारण अशी एक आत्या प्रत्येक लिहिणाऱ्याला लागते. इतिहासाची प्राध्यापक नको, ती माफ करते किंवा भांडते, दोन्ही उपयोगाचं नाही. ज्याला काही माहीत नाही पण जो लक्ष देऊन वाचतो असा माणूस हवा. मी आत्याला प्रत्येक प्रकरण वाचून दाखवायचे आणि ती पोळ्या करता करता ऐकायची, आणि जिथे तिने "बरं" म्हटलं तिथे मी खूण करायचे, कारण तिचं "बरं" म्हणजे लक्ष उडालंय. कोलंबसानंतर पिकं इकडून तिकडे कशी गेली याचं प्रकरण होतं, मक्याचं उत्पादन, बटाट्याने युरोपची वाढलेली लोकसंख्या, सगळं बिनचूक, आणि आत्याचे सलग चार "बरं". त्या दिवशी एकादशी होती आणि गॅसवर साबुदाण्याची खिचडी. मी सहज म्हटलं, आत्या, या कढईत काय काय आहे सांग. साबुदाणा, तो टॅपिओकाच्या कंदाचा, कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, तेही तिकडचेच. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची, अमेरिकेतलीच. कोलंबसाआधी यातलं एकही आपल्याकडे नव्हतं, आपले म्हणजे फक्त जिरं, मीठ आणि तूप! आत्याने उलथनं खाली ठेवलं. "म्हणजे ज्ञानेश्वर महाराज उपासाला काय खात होते गं?"

हा प्रश्न म्हणजे ते प्रकरण. मी जुनं अख्खं काढून टाकलं आणि कढईपासून सुरुवात केली. आधी जेवणाला तिखटपणा यायचा तो मिरीने, आणि 'मिरची' हे नाव त्या मिरीवरूनच पडलं. १५१०मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून या गोष्टी पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या, काही तर नावासकट, बटाटा त्यांचा, काजू त्यांचा, अननस, पाव, हे शब्द आपण रोज बोलतो. मग तिथून मागे जायचं, अमेरिकेत ही पिकं हजारो वर्षं कुणी जोपासली, त्या माणसांचं देवीच्या साथीने आणि खाणकामाने काय झालं. वाचक कढईतून निघतो आणि पोतोसीच्या खाणीत पोचतो, मध्ये कुठे "बरं" म्हणायला फुरसत मिळत नाही. सांगायचं एवढंच की वाचकाच्या हातात आत्ता असलेली वस्तू शोधा. पण प्रत्येक प्रकरणात ही ट्रिक नको, दोनतीनदा बास, नाहीतर पुस्तक भांड्याकुंड्यांचं होतं.

आकड्यांचं वेगळं सांगते. 'असंख्य', 'अगणित', 'लक्षावधी' हे शब्द आधी शोधून काढा फाईलमधून, तिथे एकतर खरा आकडा घाला नाहीतर वाक्य काढा. पण आकडे ओतूही नका, एका पानाला एक पुरतो, तो असा ठेवायचा की बोलेल. अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापाराचं बघा. मी आधी लिहिलं होतं, 'या अमानुष व्यापारात लक्षावधी निष्पाप जीवांचा बळी गेला'. भाषणासाठी ठीक आहे. आता असं आहे: आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवले सुमारे सव्वा कोटी, अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले सुमारे एक कोटी सात लाख. वजाबाकी वाचकाला करू द्या, मी तिथे परिच्छेद संपवला. आणि हो, यातले सगळ्यात जास्त ब्राझीलला गेले, आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांत थेट उतरले ते चार लाखांच्या आतबाहेर, हे सांगितल्याशिवाय मराठी वाचक 'अमेरिका' म्हणजे न्यूयॉर्कच धरतो.

त्याला लागूनच एक रोग आहे, 'करण्यात आले'. सरकारी पत्रातून आलाय तो आणि इतिहासात घर करून बसलाय. कत्तल करण्यात आली, कर लादण्यात आला, गुलामगिरी रद्द करण्यात आली. अहो पण कुणी? कर्ता आणा. हैतीत, तेव्हाच्या सँ-दोमँगमध्ये, ऑगस्ट १७९१मध्ये उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी बंड केलं, तेव्हा कुठे फ्रान्सने १७९४मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने फौज पाठवून ती परत आणायचा प्रयत्न केला, फौज हरली, आणि १ जानेवारी १८०४ला देश स्वतंत्र झाला. पुढे १८२५मध्ये फ्रान्सने काय मागावं, तर मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी पंधरा कोटी फ्रँक, म्हणजे सुटलेल्यांनीच सुटकेचे पैसे भरायचे! हे सगळं 'रद्द करण्यात आली'मध्ये झाकलं जातं. फ्रेंच राज्यक्रांतीला दहा पानं आणि हैतीला ओळही नाही अशी पुस्तकं मी खूप वाचली आहेत, माझ्यात दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

आता नाजूक मामला, आपलं घर. जगाच्या इतिहासात महाराष्ट्र किती घालायचा? माझ्या ड्राफ्टमध्ये पानिपतची दोन पानं होती, १४ जानेवारी १७६१, विश्वासराव, भाऊसाहेब, सगळं. आणि मी त्या समोरच्या चिठ्ठीवरचा प्रश्न विचारला तर उत्तर येईना. आता एक वाक्य आहे, मराठे आणि अफगाण एकमेकांना थकवत होते तेव्हा १७५७च्या प्लासीनंतर बंगालचा पैसा कंपनीकडे चालला होता. आत्या दोन दिवस बोलली नाही. पण खरा धागा असेल तिथे हात आखडू नका, आणि तो भलत्याच ठिकाणी सापडतो. मला सापडला तो अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून यायचा, उत्तरेच्या आरमाराने बंदरं रोखली, कापूस थांबला, आणि गिरणीवाले मुंबईकडे वळले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या मालाला 'ऊमरा' म्हणून ओळखायचे. मुंबईत पैसा एवढा आला की ठेवायला जागा नाही, मग बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचे भाव गगनाला भिडले. एप्रिल १८६५मध्ये तिकडे दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली आणि इकडे सगळं कोसळलं. तेजीचे राजे प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले, त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र आजही उभा आहे, आईच्या नावाचा. आणि इथे थांबू नका, कारण तेजीत सावकाराने शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं होतं, ते मंदीत वसूल करायला लागला, त्यात सारा वाढलेला, आणि मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जखतं काढून पेटवून दिली. व्हर्जिनियातली शरणागती आणि सुप्यातली होळी यांच्यामध्ये दहा वर्षं आहेत, आणि कारणं बाकीची पण आहेत, 'म्हणून'चा धडा इथेही लागू. पण धागा खरा आहे, आणि असा धागा मिळाला तर चार पानं द्या बिनधास्त.

पहिल्या महायुद्धातही असंच, फ्रान्समधल्या खंदकांपासून सुरुवात करायची गरज नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी तुर्कांनी जी फौज वेढली ती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन होती, नावातच पुणं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, घोडे मारून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. सातारा किंवा कोकणातल्या कित्येक गावांत चावडीपाशी, शाळेपाशी संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले. ती पाटी आधी दाखवा, नकाशा नंतर.

तारखा आणि नावं, हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, त्यामुळे अंतर मोजताना एक वर्ष चुकतं. अठरावं शतक म्हणजे १७०१ ते १८००, हे वाचक दर वेळी बोटावर मोजतो, त्यापेक्षा सरळ वर्ष लिहा. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरात ७ नोव्हेंबर १९१७ला झाली, कारण त्यांचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं, एक ओळ टाका नाहीतर पत्रं येतात. नावांना एक्सेल शीट करा, एका कॉलममध्ये तुम्ही ठरवलेलं रूप, दुसऱ्यात जी जी रूपं चुकून लिहाल ती. माझ्याकडे चंगीझ, चेंगिझ आणि चंगेज असे तीन खान फिरत होते. मराठीत आधीपासून रुळलेलं नाव असेल तर तेच वापरा, डच लोकांना वलंदाज म्हणायला काय हरकत आहे, शब्द छान आहे आणि कुठून आला हे सांगायला निमित्त मिळतं. तुर्कस्तान मात्र जपून, आपण तुर्कीलाही तुर्कस्तान म्हणतो आणि मध्य आशियातल्या तुर्कस्तानालाही. अडलं तर वाईचा मराठी विश्वकोश उघडा, ऑनलाइन फुकट आहे, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या वेळेपासून लोकांनी या नावांवर डोकं घासलंय, त्याचा फायदा घ्या.

त्याच शीटमध्ये प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला ते पान नंबरसकट लिहून ठेवा, आजच, नंतर सापडत नाही. आणि दोन ठिकाणी तपासा, पण ती दोन ठिकाणं एकमेकांची कॉपी नकोत. नेटवर दहा साइटवर एकच वाक्य दिसलं तर ते दहा पुरावे नसतात.

शेवटच्या प्रकरणाचा त्रास सगळ्यांना होतो. जवळचं सगळंच महत्त्वाचं वाटतं, पन्नास वर्षांना चाळीस पानं जातात आणि मग लेखक भविष्य सांगायला लागतो. मी सोव्हिएत युनियन फुटलं तिथे, डिसेंबर १९९१ला, थांबायचं ठरवलं होतं, पण मग २०२० आलं आणि १९१८च्या तापाच्या साथीवरचं माझं अर्धं पान वाचून आत्या म्हणाली की एवढंच? १९१८ची ती साथ जहाजांतून मुंबईला उतरली आणि हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं मेली. त्या अर्ध्या पानाची मी पाच पानं केली. शेवटच्या प्रकरणातली तेवढी पाच पानं काढून टाकली, हिशोब बरोबर.

ड्राफ्ट झाला की महिनाभर बघू नका. मग प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद झाकून वाचा, दहापैकी सहा वेळा तो नसला तरी चालतं, तो आपण घसा साफ करायला लिहिलेला असतो. विशेषणं काढा. नकाशे चार-पाच हवेतच, फक्त जगाचा नकाशा निवडताना आफ्रिकेकडे बघा, शाळेतल्या नेहमीच्या नकाशात ग्रीनलँड तिच्याएवढं दिसतं, खरं तर ती त्याच्या चौदापट आहे. आणि शेवटी सूची कराच, मराठी पुस्तकांत ती नसते आणि प्रकाशक म्हणतात पानं वाढतात. माझी सहा पानांची झाली, त्यात 'साबुदाणा' सम्राटांच्या रांगेत बसलाय, सार्गन आणि सुलेमान यांच्याही आधी.